थांब्यावरचा निळा बोर्ड : कामाच्या नोंदी

४ मे २०२५

एसटी थांब्याच्या भिंतीवर निळ्या ऑईल पेंटात "महत्त्वाचे फोन नंबर" असा बोर्ड आहे, मुंबईकर मंडळाने कधीतरी रंगवून घेतलेला, कोपऱ्यात नुसतं "११" वाचता येतं म्हणजे बहुतेक २०११. माझं झेरॉक्स-रिचार्जचं दुकान बरोबर त्याच्या समोर, इतकी वर्षं रोज बघतोय आणि एकदाही धड वाचला नव्हता. काल रात्री वाचला.

शेजारच्या नानांच्या छातीत रात्री साडेअकराला भरून आलं आणि त्यांची सून बॅटरी घेऊन त्या बोर्डापुढे उभी राहून एकेक नंबर लावत होती. तिला १०८ माहीत नव्हता असं अजिबात नाय, ती शिकलेली आहे, पण घाबरल्यावर डोक्यातून सगळंच जातं आणि माणूस जे समोर लिहिलंय ते वाचत सुटतो. शेवटी माझ्या भावाने रिक्षा काढली, दापोलीला उपजिल्हा रुग्णालयात नेलं, ईसीजी झाला, नाना सकाळी घरी येऊन पेज पिऊन बसलेत. पण ती वीस मिनिटं जी बोर्डापुढे गेली ती माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणून आज दुपारी दुकान रिकामं होतं तेव्हा बोर्डावरचे सगळे नंबर लावून बघितले. एकूण १४. त्यातले १००, १०१, १०२ लावले नाहीत, ते गंमत म्हणून लावायचे नंबर नव्हेत. उरले ११. त्यात दोन चालू. सहा लँडलाईन मेलेल्या, दोन "हा क्रमांक अस्तित्वात नाही", आणि एक जो "डॉक्टर (निवास)" म्हणून लिहिलाय तो आता सांगलीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे. माणूस भला निघाला, म्हणाला वर्षातून दोनतीनदा तुमच्या भागातून फोन येतो, बाई रडत असते, मी काय सांगणार, मी १०८ लावा म्हणतो.

सांगलीचा माणूस आमच्या गावाची हेल्पलाईन चालवतोय आणि आम्हाला पत्ता नाय.

६ मे

आज पाच जण जमलो. मी, पोलीस पाटील, आशाताई, निवृत्त गुरुजी आणि बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली दोन पोरं, म्हणजे सहा झाले. गुरुजींचं म्हणणं बोर्ड नवा रंगवा, झालं काम. पाटलांचं म्हणणं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, झालं काम. आशाताई म्हणाल्या ग्रुपवर दिवसाला ऐंशी गुड मॉर्निंग येतात, त्यात कोण शोधणार, आणि बोर्ड वाचायला रात्री थांब्यावर कोण येणार, नंबर घरात फोनच्या शेजारी पायजे. ठरलं की प्रत्येक घरात एक स्टिकर, आणि बोर्ड पण.

घरं ११२. आकडा ऐकून पोरं हसायला लागली, म्हणाली आणीबाणीचा नंबर ११२ आणि गावाची घरं पण ११२, विसरणार कसा.

९ मे

स्टिकरवर किती नंबर घालायचे यावर दीड तास भांडण. गुरुजींनी वहीत २७ नंबर काढून आणलेले. माझं मत, २७ नंबर म्हणजे परत तोच निळा बोर्ड. माणूस घाबरलेला असताना यादीतून निवड करत नाही, पहिला दिसेल तो लावतो.

आजचा निकाल : वर मोठ्या लाल अक्षरात दोनच, ११२ आणि १०८. ११२ म्हणजे पोलीस, आग, अ‍ॅम्ब्युलन्स सगळ्यासाठी एकच. १०८ फक्त आजार-अपघातासाठी, महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. हे पैसे लागत नाहीत लिहायलाच लागेल कारण वरच्या वाडीत अजून समज आहे की बोलावली की बिल येतं, म्हणून आधी रिक्षा आणि मग अ‍ॅम्ब्युलन्स.

खाली लहान अक्षरात "घाई नाही पण अडलंय" वाले : वीज १९१२, गॅस गळती १९०६ (हे खरं तर घाईचं आहे, पण गुरुजींनी इथे बसवलं, नंतर वर नेलं), बाळंतीण आणि तान्ह्या बाळाला न्यायला-आणायला १०२, फोनवरून पैसे चोरले गेले तर १९३०, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७, मन फारच खचलं असेल तर टेलीमानस १४४१६, वाघरू विहिरीत पडलं किंवा वणवा लागला तर वनखात्याचा १९२६, गुरांच्या डॉक्टरसाठी १९६२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७. समुद्राचे वेगळे, ते कोळीवाड्यात जाऊन विचारायचे.

पाटलांनी एक बरी गोष्ट सांगितली, चोरी होऊन गेलीय, चोर गेलाय, आता नुसती तक्रार द्यायचीय, तर त्यासाठी ११२ अडवू नका, सरळ ठाण्यात जा नायतर ठाण्याच्या फोनवर बोला. चोर घरात असेल तर ११२. मला वाटतं सगळ्या स्टिकरवर हे एवढं एक वाक्य जरी लोकांनी वाचलं तरी खूप.

१४ मे

आज खरा घोळ कळला. आजपर्यंत मी धरून चाललो होतो की १०८ लावला की फोन दापोलीत वाजतो. तसं नाय. १०८ चा कॉल सेंटर पुण्यात आहे, सगळ्या महाराष्ट्राचा फोन तिथे जातो आणि तिथून जवळची गाडी निघते. ११२ चंही तसंच, एका मोठ्या नियंत्रण कक्षात फोन लागतो आणि मग तिथून आपल्या भागातल्या पोलिसांच्या गाडीला निरोप येतो.

म्हणजे पलीकडे जो पोरगा किंवा पोरगी फोन उचलते तिने आपलं गाव कधी बघितलेलं नाय. आणि आपण काय सांगतो? "अहो लवकर या, देवळाच्या मागे, मधल्या वाडीत." कुठल्या देवळाच्या? कोकणात मधली वाडी नसलेलं गाव दाखवा मला.

मावशीचं गाव मुरूड. मुरूड म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला जंजिरा आठवतो, तो मुरूड रायगड जिल्ह्यात. आपला मुरूड दापोली तालुक्यात, महर्षी कर्व्यांचा. तिसरा मुरूड लातूरकडे. तसंच वेळास मंडणगड तालुक्यात आहे, कासवांमुळे गाजलेलं, आणि वेळास पलीकडे श्रीवर्धनातही आहे, मध्ये बाणकोटची खाडी. घाबरलेला माणूस "मुरूडहून बोलतोय" म्हणाला आणि फोन कट झाला तर पलीकडच्याने काय करावं.

तर स्टिकरवर नंबरापेक्षा महत्त्वाचं आहे पत्त्याचं वाक्य. आजपासून कामाची दिशा बदलली, वहीत लाल पेनाने लिहिलंय.

१७ मे

पत्त्याचं वाक्य करायला वाडीवाडीतून फिरलो. वाटतं तेवढं सोपं नाय. नियम असा धरला : आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वाडी, मग गाडी जिथवर येते ती जागा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं कारण ११२ घरांपैकी ४० घरांपर्यंत गाडी जातच नाही, पाखाडी आहे. चिऱ्याच्या पायऱ्या, दोन्हीकडे गडगा (दगडी कुंपण), मधून दोन माणसं शेजारी चालली तर खांदे घासतात. तिथे स्ट्रेचर वळत नाही. आमच्या आजोबांना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं, चौघांनी, आणि त्या खुर्चीचा एक पाय वळणावर गडग्याला आपटून मोडला तो अजून तसाच आहे पडवीत.

तर वाक्य असं झालं (वरची वाडी) : "जिल्हा रत्नागिरी, तालुका दापोली, गाव अमुक, वरची वाडी. हर्णैकडून येताना डाव्या हाताला मोठा पिंपळ आणि त्याच्या पाराला पांढरा रंग, गाडी तिथवर येते. तिथे बॅटरी घेऊन माणूस उभा असेल." मग प्रत्येक वाडीत गाडी येते त्या जागी उभं राहणाऱ्या दोघांची नावं ठरवली, एक गावात असणारा आणि एक त्याचा बदली. खुर्ची कोणाकडे मजबूत आहे ते पण लिहिलं. लाकडी, हात असलेली. प्लॅस्टिकची नको, ती फाकते.

गुरुजी हे वाक्य मोठ्याने वाचायला लावत होते प्रत्येक घरात. एका काकीने वाचलं आणि म्हणाली, "होय बाय, पण माका दम लागला आसल तर येवढा कोण वाचील?" बरोबर आहे. वाक्य अर्धं केलं.

२६ मे

पाऊस आला. २५ मेला मान्सून तळकोकणात पोचला, अजून आगोटीची (पावसाआधीची) कामं अर्धी, लाकडं भिजली, मिरच्या पत्र्यावर होत्या त्या गेल्या. आणि आमचा प्रकल्पही भिजला म्हणायला हरकत नाय, कारण चार दिवस वीज जा-ये करतेय आणि काल रात्री बारा ते आज दुपारी साडेतीन फोनला एक दांडी नाही. टॉवरची बॅटरी संपली की टॉवर मेला. मग ११२ काय आणि १०८ काय.

३ जून २०२० ची आठवण झाली सगळ्यांना. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं पण दापोली-मंडणगडची पण माती केली, सुपारी आणि माड आडवे, पत्रे उडून शेजारच्या गावात. घर पडल्याचं दुःख वेगळं, पण त्यानंतरचे दिवस कोणाला कळवताच येत नव्हतं, मुंबईची पोरं वेड्यासारखी फोन लावत होती आणि इथे सगळे जिवंत असून सांगायला रेंज नाय. २०२१ ला चिपळूणात पाणी भरलं तेव्हा माझा मेव्हणा माळ्यावर बसलेला, फोनची बॅटरी ४ टक्के, त्याने एकच मेसेज टाकला "वर आहोत ५ जण" आणि फोन बंद. त्या मेसेजात गल्ली नव्हती, इमारत नव्हती. आम्हाला माहीत होतं म्हणून आम्ही पुढे कळवलं. तिसऱ्याला काय कळलं असतं त्यातून?

पोरं आज पावसात सड्यावर (गावावरच्या कातळ माळावर) गेली रेंज शोधायला. निष्पन्न : सड्यावर पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तर पलीकडच्या खाडीपारचा टॉवर पकडतो, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी फोनवर "फक्त इमर्जन्सी कॉल" असं येत असेल तर ११२ लावून बघायचा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जातो. हे मला माहीत नव्हतं. मी आत्तापर्यंत ते शब्द दिसले की फोन खिशात टाकायचो.

स्टिकरवर ओळ वाढली : रेंज नसेल तर सड्यावर टाकीपाशी.

३ जून

कोळीवाड्यात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, ६१ दिवस, त्यामुळे सगळे घरी सापडले, होड्या शाकारून झाल्यात आणि ओटीवर जाळी भरायचं काम. एका म्हाताऱ्या तांडेलाने (होडीचा प्रमुख) मला सुईत सुतळी ओवायला लावली आणि तोवर स्वतः बोलत बसला.

त्यांचं सगळंच वेगळं. मोबाईल किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मेला, मग वायरलेस, व्हीएचएफचा १६ नंबर चॅनल, तो संकटासाठी राखलेला, त्यावर गप्पा मारायच्या नसतात (मारतात). तटरक्षक दलाचा नंबर १५५४. किनाऱ्यावर संशयास्पद बोट किंवा माणूस दिसला तर सागरी पोलिसांचा १०९३. आणि मोठ्या बोटींवर ते डॅट नावाचं यंत्र, इस्रोने केलेलं, बटन दाबलं की उपग्रहावरून तटरक्षक दलाकडे निरोप जातो. जुन्या यंत्रात निरोप पोचला का नाय ते आपल्याला कळत नसे, २०२४ ला जे नवं आलं त्यात उलट उत्तर येतं. तांडेल म्हणाले, "पयला बटन दाबून नुसतो देवाक हात जोडायचो. आता समजता तरी कोण येता काय नाय."

मी विचारलं, पत्ता काय सांगता? समुद्रात पिंपळ नाही. ते हसले. जीपीएसचे आकडे, बोटीचा रजिस्ट्रेशन नंबर, माणसं किती, पाणी किती वाव खोल आणि वारा कुठचा. पाच गोष्टी, रोज पोरांकडून पाठ करून घेतात बंदर सोडताना. जमिनीवरच्या आमच्या माणसांना एवढं जमलं तरी पुष्कळ.

१२ जून

लिहायला हात जड झालाय पण नोंद केली पाहिजे.

परवा संध्याकाळी खालच्या वाडीत भाजावळीच्या राबातून येताना एका वहिनीला पायाला फुरसं (विषारी साप) डसलं. घरात स्टिकर लावलेला होता (पहिल्या वीस घरांत लागलेला). मुलाने १०८ लावला, वाक्य वाचलं, पण घाईत "शाळेजवळ" असं स्वतःचं जोडलं. शाळा दोन आहेत. चूक आमची, वाक्य वाचा आणि गप्प बसा हे आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं. गाडी वरच्या शाळेपाशी गेली, तिथे उभा राहणारा नव्हता, मग ड्रायव्हरने उलट फोन केला आणि मुलगा फोनवर होता काकाशी बोलत. बारा मिनिटं गेली. पोचली, सलाईन, लस, आता बरी आहे, पाय काळानिळा सुजलाय.

बारा मिनिटांत एकाने भगताकडे नेऊया म्हटलं, दुसऱ्याने वर फडकं करकचून बांधलं. ते आशाताईने येऊन सोडलं. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं : बांधायचं नाय, कापायचं नाय, चोखायचं नाय, पाय हलवायचा नाय, पैंजण-जोडवी आधी काढून ठेवायची कारण सूज आली की ती निघत नाहीत, माणसाला चालवायचं नाय, साप मारायला धावायचं नाय.

विंचवाचं पण तिने त्याच ओघात सांगितलं. लाल विंचू चावला की पूर्वी कोकणात माणसं, जास्त करून पोरं, पटापट जायची, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी वापरून ते बदललं. ती म्हणाली आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी असते, पण माणूस वेळेत आला पायजे ना.

स्टिकरमध्ये बदल : (१) वाक्य वाचल्यावर आपलं काही जोडू नका. (२) त्या फोनवरून दुसऱ्या कोणाला फोन करू नका, तिकडून परत फोन येतो. दुसरी ओळ मी ठळक केलीय. पहिले वीस स्टिकर काढून नवे लावले, चिकट काढायला रॉकेल.

१९ जून

आज माझ्याच घरात. आत्याला मेसेज आला की वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईन कापणार, या नंबरावर फोन करा. आत्या तशी सावध, म्हणून तिने मेसेजमधल्या नंबरावर फोन नाय केला, तिने इंटरनेटवर "वीज ग्राहक सेवा" शोधलं आणि जो पहिला नंबर आला तो लावला. तो पण चोरांचाच. एक अ‍ॅप घालायला लावलं आणि साडेअठरा हजार गेले.

सात मिनिटांत १९३० ला फोन केला, रांगेत होता, लागला, बँकेचं नाव, व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम सगळं विचारलं. पावती आली. काही पैसे पुढच्या खात्यात अडकवून ठेवलेत म्हणाले, बाकीचं बघू. आत्या जेवली नाही. दर दहा मिनिटांनी म्हणते, मी तर शोधून लावला होता.

हे मला फार लागलं कारण आमचं सगळं काम लोकांना "नंबर शोधा" सांगण्याचं होतं. विजेचा नंबर विजेच्या बिलावर छापलेला असतो, बँकेचा पासबुकावर आणि कार्डाच्या मागे, गॅसचा पुस्तकावर. तिथून घ्यायचा. आणि १९१२ ला लावताना बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवायचा, तो स्टिकरवर लिहायला मोकळी जागा सोडली, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं बिल मागून मी स्वतः लिहून देतोय.

२ जुलै

दोन किरकोळ.

वरच्या वाडीतल्या आजीचा बटणवाला फोन. तिला चार दिवसांत तीनदा ११२ कडून फोन आला, "आजी काय झालंय, मदत हवीय का?" आजीला वाटलं सरकार चौकशी करतंय, खूश होऊन सगळं कुटुंब सांगत बसली. कारण शोधलं : बटणवाल्या फोनात ५ किंवा ९ दाबून धरला की ११२ ला जातो, आजी फोन कमरेला लुगड्यात खोचते आणि खाली वाकून भाताची आवणं काढते. आता फोन पिशवीत. पण त्यांनी तिन्ही वेळा उलट फोन केला ही गोष्ट मला आवडली, आणि चुकून लागलाच तर कट करून पळू नका, चुकून लागला असं सांगा, ही ओळ आजीमुळे आली. स्मार्टफोनात पॉवरचं बटन पटापट दाबलं की जातो, काहींत तीनदा, काहींत पाचदा, पोरांनी घरोघरी सेटिंग बघून दिलं.

दुसरं, एका पोराने डिजिपिन काढला, पोस्टाने मेअखेर सुरू केलेला, दहा अक्षर-आकड्यांचा, चार बाय चार मीटरच्या चौकोनाचा पत्ता. हुशार गोष्ट आहे. पण गुरुजींनी फोनवर वाचून दाखवायला घेतला आणि "पी का टी" यातच एक मिनिट गेलं. वहीत नोंदून ठेवला, स्टिकरवर नाही.

२१ जुलै

पाऊस. लावणी. कोणाला वेळ नाय. ८८ घरं झाली.

१० ऑगस्ट

नारळीपौर्णिमा झाली, होड्या गेल्या. बोर्ड रंगवायला माणूस मिळाला. त्याने "अॅम्ब्यूलंस" असं लिहिलं, गुरुजींनी पुसायला लावलं, रंगारी म्हणाला शुद्धलेखनाचे वेगळे पैसे.

मुंबईकर मंडळाचा फोन, बोर्डाचा खर्च देतो पण खाली मंडळाचं नाव पायजे. दिलं. त्यांना मी उलट काम लावलं : विरार-नालासोपाऱ्यात राहून तुम्ही गावातल्या आईबापासाठी फोन लावणार असाल तर १०८ आणि ११२ तिथूनही चालतील, पण पत्ता रत्नागिरीचा सांगावा लागेल. १०७७ मात्र तिथून लावला तर तुमच्या तिथल्या जिल्ह्यात जातो, त्यासाठी रत्नागिरी नियंत्रण कक्षाचा ०२३५२ ने सुरू होणारा लँडलाईन नंबर मंडळाच्या यादीत घातला. प्रत्येकाने आपल्या घरच्या स्टिकरचा फोटो फोनात ठेवायचा.

२९ ऑगस्ट

गणपतीचा तिसरा दिवस. घरं भरलेली, अंगणात सतरा गाड्या. रात्री आरतीनंतर मधल्या वाडीत एक काका पाखाडीवरून शेवाळावर घसरले, मांडीचं हाड. घरात तेवीस माणसं आणि तेवीस मतं. त्यातल्या त्यात त्यांची मुलगी, नालासोपाऱ्यात असते, यायला जमलं नव्हतं, व्हिडिओ कॉलवर आरती बघत होती, तिनेच तिकडून १०८ लावला आणि स्टिकरचा फोटो बघून वाक्य वाचलं. काही जोडलं नाही. इकडे दोघं गाडी येते त्या कमानीपाशी बॅटरी घेऊन उभे, खुर्ची पाटलांच्या घरून आली. मी मागून दिवा धरला होता. चौघं उतरताना एक जण पायरी मोजत होता मोठ्याने, बाकीचे त्या तालावर पाय टाकत होते, काका मध्येच म्हणाले आरतीत पण एवढा ताल नव्हता रे मेल्यांनो.

गाडीची वाट नऊ मिनिटं बघावी लागली कमानीपाशी. डॉक्टरीणबाईने पाय फळीला बांधला, दापोलीला नेलं.

४ सप्टेंबर

काल रात्रीच्या वाऱ्यात वरच्या वाडीचा पिंपळ पडला. पाराचा अर्धा भाग घेऊन रस्त्यावर आडवा, १९१२ ला कळवलं कारण तार खाली आलेली, कोणी जवळ जाऊ नका म्हणून पोरं दोन्ही बाजूला उभी केली. वायरमन दुपारी आला. झाड दुपारनंतर कापलं.

वरच्या वाडीच्या ३४ घरांच्या स्टिकरवर "मोठा पिंपळ" लिहिलंय. नवी खूण काय धरायची यावर एकमत नाय, गुरुजी म्हणतात पार, पाटील म्हणतात पाण्याचा व्हॉल्व्ह, आजी म्हणते पिंपळच लिहा, सगळ्यांना माहीत आहे. उद्या संध्याकाळी परत बसायचं. लाल शाई संपलीय, दापोलीहून आणायची.